सौदामिनीच्या साक्षीचे चार डबे

मी, राघवेंद्र श्रीनिवास जळकोटकर, वय सत्तावन्न, व्यवसाय वार्ताहर, राहणार तरोडा, नांदेड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर, कोणाच्याही धाकदपटशाशिवाय लिहीत आहे. धाक दाखवावा इतकी माझी मालमत्ता नाही. बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉ. उमाशंकर बिराजदार यांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढच्या आठवड्यात लातूरला माझ्या छातीची शस्त्रक्रिया व्हायची आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही," आणि त्याच दमात म्हणाले, "कागदपत्रं मात्र एकदा बघून घ्या."

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. इतरांच्या मृत्यूच्या बातम्या मात्र उभा जन्म केल्या. त्या प्रत्येकीत कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण होत असे. माझ्या बातमीत ती निर्माण करू नये.

कलम १. तरोड्याचे घर, बँकेतील ठेवी आणि माझ्या नावावर जे काही निघेल ते सर्व माझी पत्नी सौ. मनस्विनी हिला. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला हिशेब समजावण्याचा उद्धटपणा मी हयातीतही केला नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करायची आहे. आमच्या घरात दुसरे कोणी कशाचीच अंमलबजावणी करीत नाही.

कलम २. चिरंजीव मुकुल, मुक्काम पुणे, यास माझी मोटारसायकल आणि आजोबांचा पत्र्याचा भोंगा. त्याला माझ्याकडून काही नको आहे, हे त्याने मला प्रेमानेच सांगितले आहे. भोंग्यात त्याने फुले ठेवली तरी हरकत नाही. ज्या चित्रपटापायी हे मृत्युपत्र लांबत जाणार आहे, त्याबद्दल आमचे एकदाच बोलणे झाले.

"बाबा, शेवट काय होतो तेवढं सांगा की."

"शेवटच तर आपल्याकडे नाही रे."

"मग बघायचं कशाला?"

प्रश्न तर्कशुद्ध होता.

कलम ३. संस्कृतचे ग्रंथ माहूरच्या ज्या पाठशाळेत मी शिकलो तिला द्यावेत. तिथे आता पाठ करणारे फारसे उरले नाहीत म्हणतात. निदान ग्रंथ एकमेकांना सोबत करतील.

कलम ४. आता मुख्य मालमत्ता. 'सौदामिनीची साक्ष' नावाच्या मूकपटाचे तीन डबे माझ्या घरी आहेत. चौथा नाही. वारसांना हा काय प्रकार आहे ते कळावे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. वकिलांनी हे कलम वगळून वाचले तरी चालेल.

हा चित्रपट बोलपट येण्याच्या थोडा आधी निघाला. काढणारी कंपनी बुडाली. नायिकेचे काम करणारी बाई कोण, हे कोणी टिपून ठेवले नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्याची ही एवढीच प्रत उरली आहे. त्या काळी जुन्या फिती चांदी काढण्यासाठी धुवून घेत आणि उरलेल्या पट्ट्यांच्या बांगड्या करीत, असे म्हणतात. म्हणजे बाकीच्या सौदामिन्या कुणाकुणाच्या मनगटात जत्रा हिंडून आल्या असणार.

ही प्रत वाचली, कारण ती उदगीरच्या ईश्वरप्पांच्या तंबूत होती. ईश्वरप्पा भुसार मालाचे व्यापारी. हौस म्हणून तंबूचा सिनेमा काढला. माझे आजोबा अवधूतशास्त्री त्यांचे भागीदार. ईश्वरप्पांचे भांडवल आणि आजोबांचा गळा. चित्रात मधूनमधून मजकुराच्या पाट्या येत आणि त्या वाचता येणारे लोक तंबूत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असत, म्हणून आजोबा पडद्याशेजारी भोंगा घेऊन उभे राहत आणि गोष्ट सांगत. देगलूरला त्यात तेलुगू मिसळत, उदगीरला कानडी. गोष्ट अशी: सौदामिनीच्या डोळ्यांदेखत तिचा दीर वाटणीच्या भांडणात सख्ख्या भावाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, विहिरीत ढकलतो. घर तिला गप्प बसवू पाहते. सासू तर मुलगा गेला तो गेला, आता दुसरा तरी जाऊ नये म्हणून तिच्या पाया पडते. शेवटी सौदामिनी कोर्टात साक्षीला उभी राहते.

ती काय बोलली? आजोबांकडे उत्तरे पुष्कळ होती. माहूरच्या यात्रेत ती दिराला क्षमा करी. मुखेडच्या बाजारात कोर्टाचे हेलपाटे घातलेले लोक जास्त, तिथे ती घडाघडा खरे सांगे आणि टाळ्या पडत. मी लहानपणी विचारले होते, "पण आजोबा, खरं काय बोलली हो ती?" म्हणाले, "जिथं जे पचेल ते." चित्रपट मुका होता, आजोबा नव्हते.

बोलपट आले आणि तंबू बसला. भागीदारी मोडताना यंत्र ईश्वरप्पांकडे गेले, तंबूचे कापड आमच्याकडे. त्यावर पुढे आमच्या घरी सांडगे वाळले. राहिले चार डबे. शेताची, म्हशींची, भांड्यांची वाटणी जशी करतात तशीच यांचीही केली: एक तुला, एक मला, म्हणजे कुणावर अन्याय नको. पहिला आणि तिसरा आमच्याकडे, दुसरा आणि चौथा त्यांच्याकडे. दोन्ही घरांत अर्धा अर्धा चित्रपट आला आणि दोन्ही घरे समाधानी झाली. इतकी निर्मळ मनाने केलेली चूक मी पुढे कोर्टाच्या बातम्या करतानाही पाहिली नाही.

कलम ५. दुसरा डबा माझा नाही, हे इथे स्पष्ट करतो. तो श्रीमती शिवकांता यांचा आहे. त्या ईश्वरप्पांच्या नात, राहणार उदगीर. मी त्यांना अक्का म्हणतो. वडील गेल्यावर त्यांचे धाकटे भाऊ शरणप्पा, लातूरला ज्यांची डाळ मिल आहे, ते हक्कसोडीचा कागद घेऊन अक्कांकडे आले. बहिणींनी जमिनीवरचा हक्क सोडायचा आणि त्या बदल्यात सणाला माहेरी जेवायला यायचे, ही आपल्याकडची रीत वारसांना ठाऊक आहेच.

"अक्का, सही कर. माहेर तुटायला नगं."

"करते की. पण आज्जाचा एक डबा मला दे."

"त्यात काय हाय? जुनी फीत."

"माहेरचं कायतरी हातात ऱ्हाऊ दे म्हणून."

शरणप्पांना व्यवहार स्वस्तात पटला. त्यांनी दोनातला धुळीने भरलेला डबा काढून दिला. तो घेऊन अक्का एसटीने नांदेडला आल्या. शेजारच्या सीटचे तिकीट काढून त्यावर तो पंच्यात गुंडाळून ठेवला होता. माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "राघवेंद्रा, तुझ्याकडं ही बाई अर्धीमुर्धीच हाय ना? घे, जोड तिला."

हे कळल्यापासून शरणप्पांनी बहिणीला माहेरी बोलावणे बंद केले. घरची लक्ष्मी तिने भटाच्या घरात नेऊन टाकली, असे त्यांचे म्हणणे. जमीन गेली ती गेली, जेवणही गेले.

कलम ६. हे तीन डबे स्वयंपाकघरातील मोठ्या फ्रीजमध्ये आहेत. असली फीत उष्णतेने चिकट होते, मग तिची पूड होते, आणि पेट घेतला तर पाण्यानेही विझत नाही. नांदेडचा उन्हाळा वारसांना माहीत आहे. फ्रीज आल्यापासून त्यात भाजी गेलेली नाही. मनस्विनीचे त्यावरचे मत नोंदवून ठेवतो: "या घरात गारवा फक्त एका बाईला, आणि ती तोंडातून शब्द काढत नाही." वीज जाते तेव्हासाठी इन्व्हर्टर जोडला आहे, तोही फ्रीजसोबत द्यावा. घरात अंधार असताना त्या बाईचा दिवा जळत असे, हेही मनस्विनीने मला वेळोवेळी सांगितले आहे.

हे तीन डबे मी यंत्रावर कधीही चढवले नाहीत. डॉ. बिराजदारांनी एक्स-रे बघायची जुनी उजेडाची पेटी दिली, तिच्यावर फीत धरून भिंगातून, एकेक चित्र करीत पाहिले. डॉक्टरांनी माझी छाती आणि सौदामिनीचा चेहरा एकाच उजेडात पाहिला आहे. यांपैकी कशाची प्रकृती बरी आहे, ते त्यांनी मला सांगितले आहे.

त्यात एवढे काय आहे, असे मला लोक विचारतात. विहिरीतला खून आपल्याला थेट दिसतच नाही. सौदामिनी पाणी शेंदायला वाकली आहे आणि आपण तिच्यासोबत फक्त पाण्यात बघतो. पाण्यात उलटे दोन भाऊ, एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात. मायेने ठेवलाय असे वाटते. मग पाणी फुटते. पुन्हा स्थिर होते तेव्हा त्यात एकच माणूस असतो, आणि तो तिच्याकडे बघत असतो. तिसऱ्या डब्यात सासू तिच्या पाया पडते, तेव्हा ती सासूला उठवत नाही, स्वतः खाली बसते. दोघी जमिनीवर, मध्ये निवडायला घेतलेले तांदूळ, आणि थोड्या वेळाने दोघीही सवयीने खडे काढू लागतात. रडणे नाही, छाती बडवणे नाही. त्या काळच्या बाकीच्या नट्या हात हवेत फेकीत; ही हात कामात गुंतवते. शेवटी ती कोर्टात उभी राहते. न्यायाधीशांकडे बघत नाही, दिराकडे बघत नाही. सासूकडे बघते. ओठ उघडतात आणि डबा संपतो.

माझे तारुण्य त्या उघडलेल्या ओठांपाशी संपले. यात मला कोणाची दया नको आहे.

कलम ७. जुने हिशेब.

(अ) माझ्या दैनिकाच्या संपादकांस माझा या चित्रपटावरचा संपूर्ण लेख परत. त्यांनी तो कापत कापत चौकटीएवढा केला आणि खताच्या जाहिरातीखाली छापला. मथळा दिला: 'मूकपटाची धमाल'. त्यात एक खून, एक अंत्ययात्रा आणि एक कोर्ट आहे. धमाल नेमकी कुठे आहे हे त्यांनी सांगितले असते तर मी तो भाग पुन्हा पाहिला असता.

(आ) पुण्याहून एक अभ्यासक आले. मनस्विनीच्या हातच्या धपाट्यांचे कौतुक केले, फिती पाहिल्या, फोटो काढले आणि मोठा निबंध लिहिला. त्यात माझा उल्लेख 'एक स्थानिक रहिवासी' असा आहे. आयुष्यभर मी इतरांची नावे, वये, गावे अचूक छापली. या गृहस्थांस मी काहीही ठेवत नाही. त्यांनी ते आधीच नेले आहे.

कलम ८. आता चौथा डबा. तो शरणप्पांच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे. तंबू चालू होता तेव्हा घराची भरभराट झाली, म्हणून तो डबा त्यांच्याकडे लक्ष्मीच्या ठिकाणी. दर वर्षी खंडेनवमीला मिलचे वजनकाटे, स्कूटर, नटबोल्टचे पाने, हातोड्या यांच्यासोबत डबाही धुतात, पुसतात, हळदकुंकू लावतात आणि समोर निरांजन ठेवतात. पाण्याचा थेंब आणि आगीची ठिणगी, या फितीला नको असलेल्या दोन्ही गोष्टी, तिला सन्मानाने मिळतात. पण तो देव झाला नसता तर कधीच भंगारात गेला असता, हेही मला मान्य करावे लागते.

मी त्यांच्याकडे किती वेळा गेलो ते लिहीत नाही. बोलणे दर वेळी तेच.

"या शास्त्रीबुवा. पुन्हा डबाच का?"

"शरणप्पाशेठ, निदान उघडून वास तरी घ्या. आंबूस येतोय का?"

"उदबत्तीचा येतो की."

"दिवा तरी लांब ठेवा."

"देवाला अंधारात ठिवू म्हणता? तुम्ही बामण असून?" मग हसत, चहा मागवत. "हे बघा, माझं एकच म्हणणं. तुमच्याकडचे तीन माझ्याकडं आणा. मी स्वतः मुंबैला नेऊन चारीची नवी कॉपी करून घेतो, पैशाला मागं बघणार न्हाई. टाऊन हॉलात दाखवू. पण नाव फक्त आमच्या आज्जाचं, ईश्वरप्पाचं."

"आणि अवधूतशास्त्री?"

"ते पगारी नव्हते का?"

नव्हते. भागीदार होते. पण कागद नाही, आणि भोंग्याला साक्षीला उभे करता येत नाही.

कलम ९. या सगळ्याचा विचार करून मी असे ठरवतो की माझे पहिला आणि तिसरा हे दोन डबे, फ्रीज व इन्व्हर्टरसह, शरणप्पा यांना द्यावेत.

वारस चकित होतील. ज्या माणसाशी माझे सर्वांत कमी पटते त्याला मी सर्वांत मोलाची वस्तू देत आहे. हे औदार्य समजू नये; हा पराभव आहे. मुकुलकडे डबे गेले तर त्याच्या माळ्यावर जातील. जुने चित्रपट जपणाऱ्या एखाद्या संस्थेकडे गेले तर तिथे तीन राहतील आणि चौथा लातूरला धुतला जाईल. शरणप्पा चौथा कोणालाही देणार नाहीत. म्हणून ज्याच्याकडे शेवट आहे त्याच्याकडेच बाकीची गोष्ट जावी, एवढाच मार्ग दिसतो. कॉपीवर नाव कोणाचे, हा मुद्दा मी सोडला. त्या बाईचे स्वतःचे नाव कुठे नाही, तिथे माझ्या आजोबांच्या नावासाठी मी किती ओढावे?

कलम १०. अडचण दुसऱ्या डब्याची. तो अक्कांचा, त्यांच्या संमतीशिवाय देता येत नाही. म्हणून आज दुपारी त्यांना उदगीरहून बोलावले. उद्या कोणी दबावाचा आरोप करू नये म्हणून झालेले बोलणे जसेच्या तसे लिहितो. मनस्विनी व डॉक्टर हजर होते.

मी कलम नऊ वाचून दाखवले. अक्कांनी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हंजे माझ्या हिश्शाचा डबा माझ्याच भावाला? जिमीन त्यानंच घेतली. आता हे पण?"

"अक्का, दुसरा उपाय असता तर..."

"उपाय न्हाई म्हणून दर बारीला माझ्याच वाट्याचं कसं काय निघतंय रे?"

मनस्विनी म्हणाली, "देऊ नका, अक्का. मी या बाईला सांभाळते. एवढी वर्षं सांभाळलीच की." हे ऐकून मी थक्क झालो. इतकी वर्षे ती फ्रीजचा राग करते असा माझा समज होता.

अक्का म्हणाल्या, "लिही. देते. पण शरण्याला माझ्या दारात यावं लागंल. माणूस धाडायचा न्हाई, टेम्पो धाडायचा न्हाई. स्वतः येऊन, चोळीबांगडी घेऊन, अक्का माहेरी चल म्हणावं, आन् मंग डबा घेऊन जावं."

त्याप्रमाणे मी या कलमात अट लिहिली: शरणप्पा यांनी स्वतः उदगीरला जाऊन बहिणीस रीतीप्रमाणे माहेरचे बोलावणे करावे, त्यानंतरच तिन्ही डबे त्यांच्या ताब्यात द्यावेत, न केल्यास ते सौ. मनस्विनी हिच्याकडे राहावेत. अट डॉक्टरांना पसंत पडली. मलाही पडली. लिहिल्यावर कित्येक वर्षांनी मला बरे वाटले.

मग डॉक्टर म्हणाले, आत्ताच विचारून घ्या. मी फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. अट वाचून दाखवली.

शरणप्पा म्हणाले, "आधी मरा तर खरं, मंग बघू."

"आठवडाभरात तीही शक्यता आहे. उत्तर द्या."

थोडा वेळ मिलच्या यंत्राचा आवाज आला. "तिच्या दारात मी येणार न्हाई. तिनं घरची वस्तू भाईर दिली. तीन डबे ऱ्हाऊ द्या तिकडंच. माझा माझ्याजवळ बरा. सा वर्सं, धा वर्सं, काय फरक पडतो? दसऱ्याला पूजा करून राहिलो की मी." आणि फोन ठेवला.

दसरा महिन्यावर आला आहे.

मी अक्कांकडे पाहिले नाही. मनस्विनीने दुसरा चहा ठेवला, तो कोणी घेतला नाही. अक्का उठून फ्रीजपाशी गेल्या, दार उघडून आतल्या तीन डब्यांकडे बघत उभ्या राहिल्या. मनस्विनी एरवी दार उघडे राहिले की ओरडते. आज तिने तसेच राहिलेले कप उचलले.

"राघवेंद्रा, तिथं चौथ्यात ती बोलती ना रे?"

"बोलत असावी, अक्का. आतलं शाबूत असेल तर."

"आन् त्यो दिवा लावून राहिलाय तिच्याम्होरं." दार लावून त्या परत आल्या. "पेन आण."

त्यांनी स्वतःच्या हाताने अटीवर आडवी रेघ मारली. मी म्हणालो, "अक्का, तो येईल. थोडं थांबू." त्या म्हणाल्या, "मी थांबीन रे. तिला थांबायला वेळ न्हाई." मनस्विनी उठून आतल्या खोलीत गेली.

डॉक्टरांनी सुचवले की अक्कांनीच साक्षीदार म्हणून सही करावी, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असे वकील सांगतात. अक्का म्हणाल्या, "मंग मीच योग्य हाय."

कलम ११. खाडाखोडीचा खुलासा. कलम १० मधील अट खोडलेली आहे. ही खाडाखोड माझ्या डोळ्यांदेखत, श्रीमती शिवकांता यांच्या हातची, त्यांच्या इच्छेने झालेली असून तिच्या शेजारी त्यांची सही आहे. त्यामुळे तिन्ही डबे, फ्रीज व इन्व्हर्टर शरणप्पा यांना कोणत्याही अटीविना मिळतील, आणि माझ्या मरणाची वाट न पाहता येत्या दसऱ्याआधी मनस्विनीने ते लातूरला पोचते करावेत. शरणप्पांना दाराबाहेर पाऊल टाकावे लागणार नाही.

चारी डबे उघडल्यावर सौदामिनी काय बोलली ते कळले, तर मला, मी असलो तर, कळवावे. अक्कांना मात्र शरणप्पांनी कळवलेच पाहिजे, असे मी लिहिणार होतो. अक्कांनी तेही लिहू दिले नाही.

एक सही त्यांनी भावासाठी केली, दुसरी या चित्रपटासाठी. त्यांच्यासाठी म्हणून सही करायचा कागद अजून कोणी त्यांच्यापुढे ठेवलेला नाही. मीही नाही ठेवला.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खाडाखोडीसह मान्य करून खाली सही करीत आहे.

(सही)
राघवेंद्र श्रीनिवास जळकोटकर

आमच्यासमोर सही केली. साक्षीदार:

१. (सही) डॉ. उमाशंकर बिराजदार, नांदेड.

२. (सही) शिवकांता, राहणार उदगीर. कलम १० मधील रेघ माझी. मला यातून काही मिळणार नाही, हे मला वाचून दाखवले आहे.

स्थळ: नांदेड
दिनांक: ११ सप्टेंबर २०२४